थॉर्नक्लफचा शुद्ध चहा

थॉर्नक्लफमधल्या एकेचाळीस फ्लॅनेल विणकरांनी स्वतःचं दुकान काढलं, तेव्हा त्या एकेचाळिसांतल्या एकानंही जन्मात कधी दुकानातून पाव पौंड पीठ आणलेलं नव्हतं. ते काम बायकांचं. पण हे दुकान म्हणजे मोठी गोष्ट होती. गिऱ्हाइकांनी, गिऱ्हाइकांचं, गिऱ्हाइकांसाठी. आणि असल्या मोठ्या गोष्टीत बायकांना कशाला विचारायचं? शेजारच्या रॉचडेलला विणकरांनी दोन वर्षांपूर्वी असंच दुकान उघडलं होतं आणि ते चक्क चाललं होतं. रॉचडेलला जमतं आणि आपल्याला जमत नाही, हे थॉर्नक्लफच्या माणसाच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं.

दुकानाचा खरेदीदार म्हणून मंडळींनी जेबेझ कर्शॉला निवडलं. हा उंच, हडकुळा, शेहेचाळीस वर्षांचा विणकर. रविवारी चॅपेलमध्ये उपदेश करायचा आणि उरलेले सहा दिवस, सांगितलं नसलं तरी, करायचाच. हातमागाचं काम गिरण्यांनी खाल्लं होतं. त्याच्या बापाला गावात लोक टोपी काढून सलाम करायचे, त्याला कुणी ओळख दाखवली तरी पुष्कळ. सगळ्या आयुष्यात त्याला कुणी कशासाठी निवडलं असेल तर ते हेच एकदा. त्यानं निवडणुकीच्या दिवशी घरी येऊन बायकोला, किझायाला, ही बातमी तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी ती म्हणाली की ऐकलं, आता कोट काढ, कोपराला ठिगळ लावायचंय.

माल शुद्ध पाहिजे, हे जेबेझचं एकच तत्त्व. आणि खोटं कशाला बोला, तत्त्व चांगलंच होतं. गावात वाणी एकच, सेप्टिमस पिलिंग. त्याच्या पिठात खडूची भुकटी, साखरेत रेती आणि चहाबद्दल तर बोलायलाच नको. मोठ्या घरांतल्या मोलकरणींकडून वापरलेली पत्ती विकत घ्यायची, ती वाळवायची, त्यात कुंपणाच्या झुडपांची पानं मिसळायची, रंगाला कात घालायचा आणि वरून चूल चमकवायची काळी पूड चोळायची. पाणी ओतलं रे ओतलं की कप काळाकुट्ट. सगळ्या थॉर्नक्लफला चहा म्हणजे हाच माहीत. पोरं यावरच वाढली, म्हातारी माणसं यावरच मेली. मरताना कुणी तक्रार केली नाही.

जेबेझ स्वतः मँचेस्टरला गेला, दोन दिवस पायपीट करून खरा चीनचा चहा शोधला आणि पेटी घेऊन आला. पेटीवर त्यानं लाखेची मोहोर मारली, आपल्या नावाच्या आद्याक्षरांची. संस्थेच्या प्रत्येक सभासदाला त्यानं एक पत्र्याचा डबाही दिला, त्याच्यावरही तीच मोहोर. दुकानाच्या भिंतीवर पाटी लावली, ‘येथे सत्य विकले जाते’. पाटी लावताना सत्याला औंसाला काय भाव लावायचा, हे एकानं विचारलं, तर जेबेझ त्याच्याशी आठवडाभर बोलला नाही.

आता दुकान चालायचं कसं ते ऐका. संध्याकाळी माग थांबवून जेबेझ गल्ल्यामागं उभा राहायचा. बाई आली, दोन औंस चहा मागितला, की तो तराजू हातात घ्यायचा आणि सुरू व्हायचा. भेसळीचा इतिहास. वाण्यांचं कारस्थान. सहकार म्हणजे काय. दारू पिणाऱ्याचं आतडं कसं दिसतं. तराजूचा काटा केव्हाच स्थिर झालेला असायचा, बाईच्या घरी चुलीवर लापशी करपत असायची, पण पुडी काही हातात यायची नाही. बसायला स्टूल नाही, कारण बसलं की गप्पा होतात. गप्पा मारल्या तर नियम नऊप्रमाणे दंड. मोठ्यानं हसलं तर नियम दहाप्रमाणे. तिकडं पिलिंगच्या दुकानात शेगडीजवळ दोन स्टुलं होती आणि पोराचा खोकला कसा आहे हे तो न चुकता विचारायचा. पोराला खोकला त्याच्याच साखरेनं झालेला असायचा, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या महिन्यात चहा बरा खपला. दुसऱ्या महिन्यात पेटी तिथल्या तिथंच. बायका येऊन मेणबत्त्या न्यायच्या, लोणी न्यायच्या, चहाचं नाव काढलं की इकडं तिकडं बघायच्या. शेवटी शेजारची झिला ऑगडन, तिच्या तोंडाला कधीच फडकं नव्हतं, ती स्पष्टच बोलली. चहा फिका आहे. पाणी ओतलं की वेतासारखं पिवळट काहीतरी होतं, आजाऱ्याला द्यावं तसं. जेबेझनं तिला अर्धा तास समजावलं की काळा रंग म्हणजे विष, फिका रंग म्हणजे सद्गुण. झिलानं सगळं ऐकून घेतलं आणि लोणी घेऊन गेली.

“माझ्याच घरी या,” तो दर सभेला सांगायचा. “माझी बायको हाच चहा करते. रंग बघा, चव बघा. मग बोला.” आणि तो मनापासून सांगत होता. घरी त्याला रोज दाट, काळाभोर, जिभेला चिकटणारा चहा मिळत होता. तो कप उजेडात धरून म्हणायचा, सत्याचा रंग! किझाया तेव्हा चुलीकडं तोंड करून काहीतरी शोधत असायची.

इथं मला तंबाखूचं भांडण सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. दुकानात तंबाखू ठेवावी की नाही, यावर वसंतात संस्था उभी फुटली होती. एकीकडं चॅपेलवाले, त्यांचा म्होरक्या जेबेझ. दुसरीकडं पाइप ओढणारे, त्यांचा म्होरक्या अध्यक्ष इनॉक एंटविसल. हा विणता विणता लाकडी तळव्यांचे जोडेही करायचा, गोल गरगरीत, शांत, आणि शांत असल्यामुळं जास्तच चीड आणणारा. एका सभासदाला एक मत, हा नियम. मतं कमी पडतात म्हटल्यावर जेबेझनं आपल्या बाजूच्यांना बायकांची नावं सभासद म्हणून घालायला लावली. दुसऱ्या दिवशी पाइपवाल्यांनीही घातली. मग जेबेझनं पाच विधवा शोधून काढल्या. पाइपवाले ओरडले की बायकोचं मत म्हणजे नवऱ्याचंच मत, हे एकाला दोन झालं. तेव्हा जेबेझ बाकावर चढून तासभर बोलला. बाई हा पूर्ण माणूस आहे, तिला स्वतंत्र बुद्धी आहे, या चार भिंतींच्या आत तरी तिचा हात कुणाच्याही हाताइतकाच उंच आहे. काय सुंदर भाषण झालं म्हणता! विधवा रडल्या. इनॉकनं ते इतिवृत्तात शब्दन् शब्द लिहून घेतलं. मतदान झालं, बायकांनी शाली न काढता नवऱ्यांनी सांगितले तसे हात वर केले आणि स्वयंपाक करायला घरी पळाल्या. तंबाखू हरली. सगळे पाइपवाले तंबाखू पिलिंगकडून आणू लागले आणि तंबाखूबरोबर बाकीचंही.

तर चहा. चहा खपेना, पेटी तशीच पडली, आणि पुढची तिमाही सभा जवळ आली. खरेदीदाराची निवड दर तिमाहीला व्हायची. जेबेझला झोप लागेना. पडून राहिला माल तर लोक म्हणणार, याला खरेदी कळत नाही. आणि हे पद गेलं की उरणार काय? फ्लॅनेल? ते तर कुणी घेतच नव्हतं. मग त्याच्या डोक्यात एक कल्पना आली, आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली की गावानं सावध व्हायला हवं होतं. सभासदांच्या घरोघरी जाऊन डबे तपासायचे. कोण चोरून पिलिंगचा चहा पितो ते उघडं पाडायचं. इनॉकला बरोबर घ्यायचं, म्हणजे कुणी पक्षपात म्हणणार नाही.

“सुरुवात तुझ्या घरापासून करू,” इनॉक म्हणाला.

“बेलाशक,” जेबेझ म्हणाला.

किझाया पीठ मळत होती. दोघं आत आले तेव्हा तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. जेबेझनं फळीवरचा डबा घेतला, मोहोर इनॉकला दाखवली, झाकण उघडलं आणि इनॉकच्या तळहातावर चिमूटभर पत्ती ओतली. इनॉकनं तळहात चोळला. तळहात काळा झाला. चुलीला लावायच्या पुडीसारखा चकचकीत काळा.

मग इनॉक म्हणाला, “माझ्या घरी जायची गरज नाही. माझ्याही डब्यात हाच आहे.” आणि हात पँटला पुसत निघून गेला.

जेबेझ खुर्चीवर बसला. चार महिने तो सत्याचा रंग म्हणून पिलिंगची चुलीची पूड पीत होता. किझाया पीठ मळतच होती.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“दुसऱ्या आठवड्यापासून,” ती म्हणाली. “तू पहिल्या आठवड्यात तीन वेळा कप परत केलास. तोंड वाकडं करून. चहा फिका झालाय म्हणालास.”

“मी? मी असं म्हणालो?”

“तूच. दुसरा नवरा कुठाय मला?”

जेबेझनं डबा उचलून सगळी पत्ती दारातल्या गटारात ओतली आणि दुकानातून शुद्ध चहाची पुडी आणून फळीवर आदळली. यापुढं या घरात हाच चहा होईल, म्हणाला. बरं, म्हणाली किझाया. पुढचे दोन दिवस चहा पुन्हा फिका पचपचीत झाला आणि जेबेझनं तो हुतात्म्यासारखा घोट घोट संपवला. तिसऱ्या दिवशी चहाला रंग आला. काळा नाही, तांबूस, तांब्याच्या पातेल्यासारखा, आणि वास असा की दारातून आत येताच पोटातली भूक जागी व्हावी. जेबेझला लगेच कळलं. ही पुन्हा पिलिंगकडं जाऊन आली! पण कप इतका चांगला होता की विचारायचा धीर होईना. विचारलं आणि तिनं हो म्हटलं तर टाकून द्यावा लागला असता. त्यानं मुकाट्यानं दुसरा कप मागितला आणि स्वतःच्या लाचारीवर मनातल्या मनात दात खाल्ले.

सभा शनिवारी दुपारी चॅपेलच्या शाळेत भरली. या वेळी बायकाही आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण नको म्हणायलाही नियम नव्हता. त्या मागच्या बाकांवर विणकाम घेऊन बसल्या. पुढं इनॉकनं ठराव मांडला. लोकांना काळा चहा आवडतो, दुकान लोकांचं आहे, तेव्हा आपणही थोडा कात घालावा, पण प्रामाणिकपणानं, पुडीवर तसं लिहून. प्रामाणिक भेसळ, असा त्याचा शब्द होता. पिलिंग फसवतो, आपण बहुमतानं घालू, यात फरक आहे की नाही? आहे, आहे, असं बरेच जण म्हणाले. जेबेझ उठला आणि पाऊण तास बोलला. कात घालायचा असेल तर माझ्या प्रेतावरून घाला, इथपर्यंत आला. मग इनॉक पुन्हा उठला. मग जेबेझ. खिडकीबाहेरचं ऊन सरकून भिंतीवर गेलं तरी चहा काही यांच्या तोंडून खाली उतरेना.

मागून किझायाचा आवाज आला. ती उभीसुद्धा राहिली नव्हती. “तुम्ही एकेचाळीस जण आहात,” ती म्हणाली. “तुमच्यातल्या एकानं तरी जन्मात कधी चहा केलाय का?”

एक जण म्हणाला की एकदा बायको बाळंत होती तेव्हा केला होता. त्याची बायको म्हणाली की तो सांडला होता.

मग झिला ऑगडन उभी राहिली आणि तिनं ठराव मांडला की चहात काही घालू नये, काढूही नये, फक्त खरेदीदार बदलावा आणि किझाया कर्शॉला नेमावं. पुरुष हसले. इनॉक सुद्धा हसला, मग थांबला, कारण अध्यक्षानं हसायचं नसतं. मत घ्यायला काय जातंय, म्हणाला. ठरावाविरुद्ध सगळ्या पुरुषांचे हात वर गेले. एकेचाळीस. तंबाखूवाले आणि चॅपेलवाले वसंतानंतर पहिल्यांदा एका बाजूला होते. मग ठरावाच्या बाजूनं विचारलं आणि मागच्या बाकांवरून सुया, लोकर, सगळ्यासकट हात वर आले. अडतीस बायका आणि जेबेझनं शोधून आणलेल्या पाच विधवा. त्रेचाळीस.

इनॉकनं दोनदा मोजलं. एक जण ओरडला की बायकोचं मत म्हणजे नवऱ्याचं मत, हे धरूच नये. इनॉकनं शांतपणानं इतिवृत्त उघडलं आणि तंबाखूच्या सभेतलं जेबेझचं भाषण वाचायला सुरुवात केली. बाई हा पूर्ण माणूस आहे, इथून. तिचा हात कुणाच्याही हाताइतकाच उंच आहे, इथपर्यंत. जेबेझ पुढच्या बाकावर बसून ऐकत होता. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण होतं ते, आणि त्यातला एक शब्दही मागं घेता येत नव्हता.

त्यानं त्या रात्री चाव्या काढून टेबलावर ठेवल्या. एवढंच म्हणाला, “महिन्यात दुकान बसेल.” किझायानं चाव्या एप्रनच्या खिशात टाकल्या आणि त्याला सूप वाढलं. मी खरं सांगतो, त्याला राग आला होता, पण रागापेक्षा जास्त त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय हे तिला कळू नये म्हणून तो जास्त रागावलेला दिसत होता.

दोन आठवडे तो दुकानाच्या गल्लीत फिरकला नाही. मागावर बसायचा, धोटा इकडून तिकडं फेकायचा आणि मनात हिशेब करायचा, आता तिनं कात आणला असेल, आता चुलीची पूड. लोकांना काय, काळं पाहिजे, देईल ही काळं. तिसऱ्या शनिवारी त्याला राहवेना. जाऊन आपल्या डोळ्यांनी बघू, चहात हात घालून चोळू आणि सगळ्यांसमोर काळा तळहात वर करू, असं ठरवून तो निघाला.

दुकानाबाहेर रांग होती. सगळ्या बायका. आत शेगडी पेटलेली, तिच्याजवळ तीन स्टुलं, पिलिंगपेक्षा एक जास्त. सत्याच्या पाटीवर कुणीतरी शाल वाळत टाकली होती. पुढं घुसायची त्याला सोय नव्हती, कारण बायकांनी जागा दिली नाही, म्हणून तो टोकाला उभा राहिला. रांगेत उभं राहायचं कसं हेही त्याला माहीत नव्हतं. तो दोनदा चुकीच्या बाजूला सरकला.

पुढं गेल्यावर त्याला पेटी दिसली. त्याचीच पेटी, त्याच्याच लाखेच्या मोहोरेची, आणि जवळजवळ रिकामी. कात नाही, पूड नाही, दुसरी पेटीच नाही. पहिल्या महिन्यानंतर त्याच्याकडून कुणी न घेतलेला चहा. क्षणभर त्याचं मन आनंदानं उडी मारायला निघालं, शुद्ध माल जिंकला म्हणून, आणि तिथंच त्याच्या लक्षात आलं की हा जिंकला तर मग हरलं कोण. त्याला रडू येईल की काय असं वाटलं. त्यानं छताकडं बघितलं.

गल्ल्यामागून किझाया एका तरुण पोरीला सांगत होती. “हा खरा पाला आहे, पोरी. कातासारखा लगेच रंग सोडत नाही. उकळतं पाणी ओत, किटलीवर लोकरीचं फडकं टाक आणि चार कडव्यांचं स्तोत्र म्हण. सावकाश, चॅपेलमध्ये म्हणतात तसं. शेवटचं कडवं संपलं की ओत. मलाही ठाऊक नव्हतं. झिलाशी दारात भांडत राहिले आणि किटली विसरले, तेव्हा कळलं.”

“आमच्याकडं कुणी स्तोत्र म्हणत नाही,” ती पोरगी म्हणाली.

“मग तुझा नवरा गुत्त्यात म्हणतो ते म्हण. पण दोनदा.”

बायका खदखदा हसल्या, नियम दहा गेला चुलीत. आणि जेबेझ तिथं उभा होता. शुद्ध चहावर त्यानं मोजून दोनशे व्याख्यानं दिली होती. चीनमधल्या डोंगरांवर होती, लंडनच्या गोदीवर होती, विषावर होती, आतड्यावर होती. ओतल्यावर थांबायचं असतं, हे एकाही व्याख्यानात नव्हतं. त्याला माहीतच नव्हतं. तिसऱ्या दिवसापासून घरी जो चहा होत होता तो पिलिंगचा नव्हता, आणि त्यानं विचारलंसुद्धा नव्हतं.

त्याचा नंबर आला. किझायानं त्याच्याकडं तसंच बघितलं जसं बाकी कुणाकडं बघत होती, तराजू पुसला आणि विचारलं, “काय देऊ?”

“चहा,” जेबेझ म्हणाला.

“किती?”

त्यानं तोंड उघडलं. इंग्लंडात वर्षाला किती चहा उतरतो हा आकडा त्याला पाठ होता. त्यानं तोंड मिटलं. त्याच्या मागं सात बायका होत्या आणि सगळ्या कान देऊन ऐकत होत्या. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आपल्याला,” त्यानं हळूच विचारलं, “आठवड्याला किती लागतो?”

किझायाचा हात तराजूवर थांबला. ती त्याच्याकडं बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते त्याला नीट कळलं नाही, पण राग नव्हता.

“दोन औंस,” ती म्हणाली. “तेवीस वर्षं झाली, जेबेझ. आठवड्याला दोन औंस. त्यातला दीड तूच पितोस.”

तिनं दोन औंस तोलले, पुडी बांधली, दोरा दातांनी तोडला आणि त्याच्या हातात दिली. तो पुडी धरून तसाच उभा राहिला. मागच्या बाईनं त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं.